आधी मीटर, मग बॅटरी

सेल्फ लागेना म्हणून गाडी ढकलत गॅरेजपुढे आणली, की मिस्त्रीने हात लावायच्या आत गिऱ्हाईकच निदान सांगून मोकळं होतं. “बॅटरी बसली वाटतं, नवीन टाका.” उमरग्यात हैदराबाद रोडच्या कडेला दुचाकीच्या कुठल्याही गॅरेजवर सकाळी दहाच्या सुमारास थोडा वेळ उभं राहावं, हा संवाद हमखास कानावर पडतो. गाड्या एमएच २५ च्या असतात, शेजारच्या लातूर-सोलापूरच्या एमएच २४ आणि १३ च्या असतात, सीमेपलीकडून बाजाराला आलेल्या केए ३२, केए ३८ च्याही असतात. पाटी कुठलीही असो, तक्रार तीच: “सेल्फ लागंना झालाय ओ.” आणि इलाजही तोच. जुनी बॅटरी काढायची, नवी बसवायची, जुनीचे भंगारात जे येतील ते वजा करायचे, उरलेले मोजून द्यायचे. दहा मिनिटांत गाडी चालू.

पंधरा दिवसांनी तीच गाडी पुन्हा त्याच गॅरेजपुढे येते. तोवर ‘अमक्या कंपनीची बॅटरी फालतू’ असं सगळ्या गल्लीत झालेलं असतं.

कंपनीचा त्यात दोष असतोच असं नाही. जुन्या बॅटरीला जे कारण संपवत होतं, तेच नव्या बॅटरीलाही संपवत राहिलं, एवढाच त्याचा अर्थ. सैल झालेली अर्थिंगची वायर, जळालेला रेग्युलेटर, मागाहून बसवलेला हॉर्न, आणि अगदी साधं म्हणजे रोज दोन किलोमीटरच्या पलीकडे न जाणारी गाडी. यातलं काहीही असलं, तरी दुकानात फळीवर मांडलेली नवी बॅटरी हे त्याचं औषध नव्हे. मोजल्याशिवाय बॅटरी बदलणं ही आपल्याकडे इतकी सवयीची गोष्ट झाली आहे, की तीत काही चुकतंय असं विकणाऱ्यालाही वाटत नाही आणि घेणाऱ्यालाही.

सेल्फचं बटण दाबल्यावर गाडीत काय घडतं ते आधी पाहू. बटणातून जाणारा करंट अगदी थोडा असतो. तो रिलेपर्यंत जातो. रिले म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर मोटर यांच्यामधला जाड वायरीचा स्विच. तो आतून ‘टक्’ करून चिकटला, की बॅटरीतली ताकद थेट मोटारीला मिळते. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीचीही स्टार्टर मोटर त्या दोन-तीन सेकंदांत पन्नास ॲम्पियरच्या आसपास करंट ओढू शकते, आणि बॅटरी तर असते बहुधा तीन ते पाच ॲम्पियर-अवरची, हातात मावणारी. मोटर फिरली की तिची ताकद वन-वे क्लचमार्फत क्रँकला जाते आणि इंजिन सुरू झालं की वन-वे मोटारीला मोकळं सोडतो. या सगळ्याच्या आधी किल स्विच, न्यूट्रलचा आणि क्लचचा स्विच, नव्या गाड्यांत साइड स्टँडचा स्विच अशी राखण बसलेली असते. यातल्या एकानेही वाट अडवली तर बटण मुकं होतं. चुकून अंगठा लागून किल स्विच बंद झालेली गाडी तास-अर्धा तास किका मारून ढकलत गॅरेजला आणल्याच्या गोष्टी प्रत्येक मिस्त्रीकडे असतात, आणि तो त्या रंगवून सांगतो.

मुद्दा असा की बिघाड बोलतो. त्याच्याकडे कान द्यावा लागतो. इग्निशन चालू केल्यावर दिवे झगझगीत लागतात, हॉर्न खणखणीत वाजतो आणि बटण दाबल्यावर काहीच होत नाही, तर बॅटरीकडे बोट दाखवण्याचं कारण नाही. बटणाचे पॉइंट काळे पडलेत, क्लचचा स्विच गेलाय, नाहीतर रिलेपर्यंत सप्लायच पोचत नाही. एकच घट्ट ‘टक्’ ऐकू येतो, दिव्यांना काही होत नाही आणि पुढे शांतता, तर रिले आपलं काम करतोय, पण त्याचे आतले पॉइंट जळालेत किंवा मोटारीचे कार्बन झिजलेत. अशा वेळी जुना मिस्त्री स्टार्टर मोटारीच्या अंगावर पान्याच्या दांड्याने हलका ठोका मारतो. अडकलेला कार्बन सरकतो, गाडी लागते, आणि मालकाला वाटतं जादू झाली. ती जादू आठवडाभर टिकते. कार्बन बदलावेच लागतात, पण ते बॅटरीच्या मानाने फारच स्वस्त पडतात.

‘टकटकटकटक’ असा भराभर आवाज येतो आणि मीटरचे दिवे त्याच तालावर मंदावतात, तेव्हा मात्र बॅटरीतली ताकद कमी पडतेय हे नक्की. रिले चिकटतो, मोटर ओढायला लागते, व्होल्टेज कोसळतं, रिले सुटतो, व्होल्टेज पुन्हा वर येतं, रिले पुन्हा चिकटतो. हा खेळ सेकंदाला कितीतरी वेळा चालतो. पण इथेही घाई नको. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल आणि नट हाताने फिरत असेल, तरी हुबेहूब हाच आवाज येतो. आणि मोटर सुंईऽऽ करून मोकळी फिरते पण इंजिन जागचं हलत नाही, तेव्हा वन-वे गेला. तिथे तर बॅटरी ठणठणीत असल्याचा पुरावा कानानेच मिळाला. तरीही अशा गाडीला नवी बॅटरी विकली जाते.

आवाजावरून दिशा कळते. खात्री मीटरवर होते. हा मीटर म्हणजे काही लाखांचं यंत्र नाही. तीन-चारशे रुपयांत मिळणारा डिजिटल मल्टिमीटर या कामाला पुरतो आणि तीन मापांत बहुतेक प्रकरणं निकालात निघतात.

पहिलं माप गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी, चावी न लावता. बारा व्होल्टच्या शिशाच्या बॅटरीत सहा घरं असतात आणि पूर्ण भरलेलं प्रत्येक घर दोन व्होल्टपेक्षा थोडं जास्त देतं. म्हणून भरलेल्या बॅटरीवर आकडा १२.६ ते १२.८ दिसायला हवा. १२.२ दिसला तर बॅटरी साधारण निम्मी उतरलीय, आणि १२ च्या खाली असला तर ती जवळपास रिकामी आहे. नावात ‘बारा व्होल्ट’ असल्याने मीटरवर बरोबर १२ दिसले की लोक समाधानाने मान डोलावतात. तिथेच फसगत होते. दुसरं माप सेल्फ मारत असताना. त्या क्षणी आकडा खाली येणारच, पण तो साडेनऊ-दहाच्या आसपास थांबला पाहिजे. विश्रांतीत १२.७ दाखवणारी आणि सेल्फ मारताच सात-आठवर आपटणारी बॅटरी मात्र खरोखर गेलेली असते. तिला खुशाल निरोप द्यावा.

तिसरं माप सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी घेतलं जाणारं. इंजिन चालू करून, थोडी रेस देऊन, पुन्हा बॅटरीच्या टर्मिनलवरच मीटर लावायचा. साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान आकडा स्थिर राहिला तर चार्जिंग ठीक. रेस दिल्यावरही तो बारा-साडेबारावरच रेंगाळला, तर गाडी बॅटरीला काहीच परत देत नाहीये. मॅग्नेट कॉइल, रेग्युलेटर, नाहीतर त्यांच्यामधला एखादा वितळलेला कपलर शोधावा लागेल. आणि आकडा पंधराच्या वर पळाला, तर रेग्युलेटरचा लगाम सुटलाय, तो बॅटरीतलं पाणी उकळून संपवतोय आणि बल्बही उडवतोय. या दोन्ही गाड्यांना नवी बॅटरी बसवणं म्हणजे ती मारायला देणं.

मिस्त्रीला हे कळत नाही, असा या लिहिण्याचा अर्थ कुणी काढू नये. उस्तादाच्या हाताखाली लहानपणापासून हात काळे केलेला माणूस कॉलेज शिकलेल्या गिऱ्हाइकापेक्षा गाडी कितीतरी जास्त ओळखतो. अडचण वेगळी आहे. त्याला बघण्याचे पैसे कुणी देत नाही. तासभर सीट-टाकी काढून, वायरिंग हाताने चाचपत जाऊन त्याने चॅसीला लागलेली गंजकी अर्थिंग शोधली, घासून घट्ट केली आणि दीडशे रुपये मागितले, की गिऱ्हाइकाचे डोळे मोठे होतात. “नुसता एक नट आवळला की! त्याचे दीडशे?” त्याच मिस्त्रीने काहीही न शोधता हजार-पंधराशेची बॅटरी बसवली तर तोच माणूस मुकाट्याने पैसे काढतो, कारण हातात एक वस्तू पडलेली असते. गावाकडच्या दवाखान्यात सुई न टोचता नुसत्या गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरकडे पेशंट पुन्हा फिरकत नाही, त्यातलाच हा प्रकार. मग डॉक्टर सुई टोचायला शिकतो आणि मिस्त्री बॅटरी विकायला. दोघांनाही पोट आहे.

म्हणजे मोजमाप न होण्याची किंमत गिऱ्हाईकच भरतं, आणि ती किंमत ठरवतंही तेच. गॅरेजवाल्यांवर बोट रोखणं सोपं आहे. पण शोधण्याच्या कामाला मोल नसेल, तर शोधणारा माणूस बाजारात टिकणार कसा?

आता बॅटरी मुळात उतरते का, हे जरा नीट पाहण्यासारखं आहे, कारण त्यात उमरग्यासारख्या गावाचं राहणं-फिरणं सगळं आलं. एक साधं गणित. सेल्फने तीन सेकंद पन्नास ॲम्पियर ओढले, तर बॅटरीतून गेला तो ०.०४ ॲम्पियर-अवरच्या आसपास साठा. एक ॲम्पियरने चार्जिंग होत असेल तर तो भरून यायला तीन-चार मिनिटं बस्स. हिशेब तर किरकोळ वाटतो. पण त्याच गाडीचा ३५ वॅटचा हेडलाइट एकटाच जवळपास तीन ॲम्पियर खातो, आणि तो आता बंद करता येत नाही. १ एप्रिल २०१७ पासून देशात नव्या दुचाकींना इंजिन चालू असेपर्यंत हेडलाइट चालूच ठेवणारी रचना सक्तीची झाली. सुरक्षेसाठी ती योग्यच आहे, दिवसाही समोरून येणारी गाडी त्यामुळे उठून दिसते. पण कमी आरपीएमला मॅग्नेटमधून निघणारा करंट आधीच बेताचा. त्यात दिवा, ब्रेक लाइट, हँडलला लावलेला मोबाइल चार्जर असे खाणारे बसले, की बॅटरीच्या वाट्याला उरतं काय? घर ते बाजार, बाजार ते बँक, बँक ते शाळा, असं दिवसातून आठ-दहा वेळा सेल्फ मारून दर वेळी दोन-तीन मिनिटं चालणारी गाडी रोज थोडी थोडी तोट्यात जाते. महिन्या-दीड महिन्याने ती एका थंड सकाळी हिशेब मांडते. याउलट रोज मुरूमहून किंवा लोहाऱ्याहून उमरग्याला येणारी तशीच गाडी वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. मॉडेल तेच, बॅटरी तीच. फरक वापराचा.

त्यात हौस. महामार्गावरच्या ट्रकांना ऐकू जावा म्हणून मोठा हॉर्न, मागे एलईडीच्या पट्ट्या, पुढे दोन जादा फोकस. हॉर्नला स्वतंत्र रिले न लावता मूळ वायरिंग सोलून तिथेच जोड मारायचा आणि वर चिकटपट्टी गुंडाळायची, ही आपली पद्धत. पहिल्या पावसात त्या चिकटपट्टीखाली पाणी शिरतं. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून बसवलेला जीपीएसचा डबा तर चावी काढल्यावरही करंट पीत राहतो. तो नुसते वीस मिलिॲम्पियर जरी घेत असला, तरी दहा दिवसांत पावणेपाच ॲम्पियर-अवर संपवतो. म्हणजे पाचची बॅटरी रिकामी. चोराने नेली नाही, पण मालकालाही नेता येत नाही, अशी गाडी दारात उभी राहते.

नुसतं उभं राहणंही बॅटरीला सोसत नाही. उमरगा-लोहारा भागातले कितीतरी लोक कामासाठी पुण्याला, हैदराबादला, सोलापूरला असतात. गाडी गावी, मालक बाहेर. कुणी उसाच्या हंगामाला जातं आणि पाच-सहा महिने घराकडे फिरकत नाही. शिशाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, की तिच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे घट्ट बसतात आणि मग ती चार्जिंग धरत नाही. हे टाळायला खर्च शून्य आहे. गाडी लावून जाताना बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून ठेवायची. सोडवताना निगेटिव्ह आधी, जोडताना ती शेवटी, म्हणजे पाना चॅसीला लागून ठिणगी उडत नाही. परत आल्यावर चार्जिंगला लावायची झाली तर सावकाश, बॅटरीच्या क्षमतेच्या साधारण एक दशांश करंटने. पाचची असेल तर अर्धा ॲम्पियर. “तासाभरात फुल करून देतो” म्हणणाऱ्या दुकानातल्या मोठ्या चार्जरवर ती लावली तर तासाभरात गरम होते, फुल होत नाही. आणि चार्जिंग चालू असलेल्या बॅटरीजवळ विडी-काडी नको. तिच्यातून हायड्रोजन निघत असतो.

उन्हाळ्याचं तर विचारूच नका. एप्रिल-मेमध्ये या पट्ट्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि तहसीलपुढे, बसस्टँडपुढे उन्हात तापत ठेवलेल्या गाडीच्या सीटखाली त्याहून जास्त तापमान असतं. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो आणि आयुष्य त्या मानाने घटतं. म्हणून बॅटरीचा घात उन्हाळा करतो आणि आळ डिसेंबरवर येतो. थंडीत ऑइल घट्ट होतं, इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो, आणि उन्हाळ्यातच खंगलेली बॅटरी तेव्हा उघडी पडते. झाकणं असलेल्या जुन्या पद्धतीच्या बॅटरीत उन्हाळ्यात पाणी कमी होतं, तिथे फक्त डिस्टिल्ड वॉटर चालतं. बोअरचं पाणी ओतणारे आजही भेटतात. मराठवाड्यातल्या बोअरच्या पाण्याने घरातली भांडी पांढरी पडतात, ते बॅटरीच्या प्लेटांचं काय करत असेल, हे सांगायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. सीलबंद बॅटरीला पाणी लागत नाही हे खरं, पण चार्जिंग लागतंच. ‘मेंटेनन्स फ्री’ याचा अर्थ लोकांनी ‘कधीच बघायचं नाही’ असा घेतलाय.

दसऱ्याला एक वेगळीच लाट येते. गाड्या वॉशिंग सेंटरवर नेऊन प्रेशरच्या पाण्याने धुतात, झेंडूचा हार घालतात, आणि दुसऱ्या दिवशी सेल्फ मुका होतो. हँडलवरच्या स्विचमध्ये आणि रिलेच्या कपलरमध्ये पाणी गेलेलं असतं. उन्हात वाळवून हवा मारली की बहुधा काम होतं. त्या दिवशी बॅटरी विकत घेऊ नये.

सेल्फच्या इतिहासातही बॅटरीच आडवी आलेली दिसते. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला इलेक्ट्रिक स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीवर आला आणि यशस्वी झाला. ते पाहून अमेरिकेतल्या इंडियन कंपनीने १९१४ मध्ये ‘हेंडी स्पेशल’ ही इलेक्ट्रिक स्टार्टरची मोटारसायकल बाजारात आणली. कल्पना काळाच्या पुढची होती, पण त्या वेळच्या बॅटऱ्यांना तो भार आणि रस्त्यावरचे हादरे झेपले नाहीत. सोय मागे घ्यावी लागली. मोटारसायकलवर सेल्फ पुन्हा स्थिरावायला १९५० च्या दशकाची अखेर आणि जपानची होंडा कंपनी यावी लागली. हार्ले-डेव्हिडसनने तर आपल्या मोठ्या गाडीला तो १९६५ मध्ये दिला.

आपल्याकडे १९७२ मध्ये आलेल्या लुनाला पायडल होतं आणि बॅटरी नव्हतीच. त्याच वर्षी आलेली बजाज चेतक तिरपी करून, मग सरळ करून किक मारणं हा तर महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाचा सकाळचा व्यायाम होता. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली आणि बटण दाबून चालू होणारी बिनगिअरची स्कूटर लोकांनी पाहिली. साडी नेसून किक मारण्याची कसरत सुटली, गुडघे दुखणाऱ्यांना गाडी चालवता येऊ लागली. सेल्फने दिलेली ही मोकळीक मोठी आहे. बुलेटची किक उलटून पायाचा घोटा सुजवून घेतलेल्या माणसाला किकचं कौतुक सांगायला जाऊ नये.

पण त्याच जुन्या बुलेटवर एक चीज होती, जिची आज खरी आठवण यायला हवी. हेडलाइटच्या वर, स्पीडोमीटरशेजारी, छोटासा ॲमीटर. काटा उजवीकडे झुकला की चार्जिंग होतंय, डावीकडे झुकला की बॅटरीतून खर्च चाललाय. किक मारण्याआधी डिकॉम्प्रेशरची कळ दाबून, किक हळूहळू खाली नेत, काटा मध्यावर येईल तिथे थांबायचं आणि मग पाय झोकून द्यायचा, हे जाणकार बुलेटवाल्यांचं तंत्र. त्या काट्यामुळे न शिकलेल्या माणसालाही आपल्या गाडीच्या पोटात काय चाललंय ते रोज दिसायचं. आता पडदा डिजिटल झाला. त्यावर फोन कुणाचा आला ते दिसतं, टाकीत किती किलोमीटरचं पेट्रोल उरलंय ते दिसतं, गिअर दिसतो, घड्याळ दिसतं. बहुतेक गाड्यांत बॅटरीचं व्होल्टेज तेवढं दिसत नाही. गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक मेंदूला ते माहीत असतं, कारण त्यावाचून त्याचं कामच चालत नाही. मालकाला सांगायचं तेवढं राहिलंय. नवा सुटा भाग न बसवता, पडद्यावर एक आकडा जास्त दाखवायला कंपन्यांना किती खर्च येणार आहे? चाकण आणि वाळूजला दुचाकी बनवणाऱ्या या राज्यातल्या गिऱ्हाइकांनी ही मागणी शोरूममध्ये उभं राहून केली पाहिजे.

हा आकडा आता चैनीचा राहिलेला नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, कार्बोरेटर गेला आणि त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. पूर्वीच्या कितीतरी साध्या गाड्यांत बॅटरी पार मेलेली असली तरी मॅग्नेटच्या जोरावर किकने स्पार्क पडायचा, गाडी घरी पोचायची. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल पंप फिरवायला, इंजेक्टर उघडायला वीज लागते. बॅटरी थोडी कमजोर असेल तर किक किंवा दुसऱ्या गिअरमध्ये मारलेला धक्का चालून जातो. पार रिकामी असेल तर चार पोरांनी जकेकूर चौरस्त्यापर्यंत ढकलली तरी उपयोग नाही. पंपाचा तो सुंऽऽ आवाज चावी फिरवल्यावर आला नाही, की ढकलण्याचे कष्ट वाचवावेत. आणि किकची दांडीच नसलेल्या गाड्याही वाढताहेत. २००७ च्या पल्सर २२० ला ती नव्हती तेव्हा चर्चा झाली होती, २०२१ च्या नव्या क्लासिक ३५० वरून ती गेली तेव्हा जुन्या बुलेटवाल्यांनी हळहळ केली, एवढंच. शहरात ठीक आहे. पण रात्री शेतातून मोटर चालू करून परतणाऱ्या माणसाच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवरून किक काढू नये, असंच कुणीही म्हणेल. सुदैवाने स्प्लेंडरसारख्या गाड्यांनी ती अजून ठेवली आहे.

दुरुस्तीच्या माहितीवर गिऱ्हाइकाचा हक्क असावा, हे सरकारनेही तत्त्व म्हणून मान्य केलं आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं आणि त्यात वाहनांचं क्षेत्रही घेतलं. पण उमरग्याच्या गॅरेजमधल्या पोराला हव्या असलेल्या वायरिंगच्या नकाशापर्यंत, त्याला वाचता येईल अशा मराठीत, ती वाट अजून पोचलेली नाही. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो, मीटर कसा धरायचा ते तिथे शिकवतात. गॅरेजमध्ये आधीच काम करणाऱ्यांसाठी त्याच वर्कशॉपमध्ये रविवारी दोन तासांचा वर्ग घेतला तरी पुष्कळ होईल. शिकवायचं म्हणजे काय, तर वर सांगितलेली तीन मापं, आणि नव्या गाड्यांचे दोन-चार नकाशे.

जुनी बॅटरी जाते कुठे, हा प्रश्नही यात दडलाय. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. त्याच्या आधी, २००१ पासूनच, शिशाच्या जुन्या बॅटऱ्या विक्रेत्यांनी परत घ्याव्यात असा नियम होता. भंगारवाल्याकडे गेलेली बॅटरी कुठेतरी फोडली जाते, आम्ल नालीत सोडलं जातं, शिसं उघड्यावर वितळवलं जातं, आणि त्याची वाफ सगळ्यात आधी आसपासच्या लहान मुलांच्या अंगात जाते. विनाकारण बदललेली प्रत्येक बॅटरी या रांगेत एक जागा वाढवते.

गॅरेजवाल्यांना एक गोष्ट मात्र उद्यापासून करता येईल. भिंतीवर पाटी लावावी: बॅटरी आणि चार्जिंग तपासणी, पन्नास किंवा शंभर रुपये, काम इथेच केलं तर बिलातून वजा. तिन्ही मापं पावतीवर लिहून द्यावीत, तारखेसकट. गिऱ्हाइकाने ती पावती वॉरंटी कार्डाला टाचून ठेवावी. सहा महिन्यांनी बॅटरी खरंच बसली, तर दुकानदार “तुमच्या गाडीचं चार्जिंगच खराब आहे” म्हणून वॉरंटी नाकारू लागतो. तेव्हा बसवल्या दिवशी चार्जिंग १४.२ होतं हे पावतीच सांगेल, आणि प्रकरण धाराशिवच्या ग्राहक आयोगापर्यंत गेलं तरी हातात कागद असेल.